मदत हवी आहे: व्हिव्हियन थॉमस मुलांना कसे सांगू?

नमस्कार मंडळी, आठवीच्या वर्गात अमेरिकेतले कृष्णवर्णीय शस्त्रक्रिया-संशोधक व्हिव्हियन थॉमस यांच्यावर बोलायचंय. महामंदीत बँक बुडाली, कॉलेजसाठी साठवलेले पैसे गेले, डॉक्टर होणं राहूनच गेलं. व्हँडरबिल्ट विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत संशोधन करायचे, पण कागदोपत्री हुद्दा सफाई कामगाराचा! आणि 1944 मध्ये जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात 'निळ्या बाळा'ची (जन्मजात हृदयदोषामुळे अंग निळं पडलेल्या बाळाची) ती गाजलेली शस्त्रक्रिया झाली, तेव्हा ती करणाऱ्या डॉ. ब्लेलॉक यांच्या मागे स्टुलावर उभं राहून थॉमसच बारकावे सांगत होते. आधी कुत्र्यांवर ते तंत्र यांनीच बसवलेलं. मानद डॉक्टरेट मिळाली थेट 1976 ला.

गाडी अडलीय शस्त्रक्रियेपाशी. हाताकडे जाणारी धमनी फुप्फुसाच्या धमनीला जोडली की बाळाचा निळेपणा का जातो, हे फळ्यावर सोप्या आकृतीत कसं दाखवू? ग्रुपवर कुणी डॉक्टर आहे का? मराठीत यांच्यावर काही वाचलं असेल तर तेही सांगा.