मदत हवी आहे: निकेल नॅनोकण धुताना गुठळ्या होतात

नमस्कार मंडळी. पीव्हीपीचं (पॉलिव्हिनाइल पायरोलिडोन, एक पॉलिमर) आवरण असलेले निकेल नॅनोकण करतोय, पण घोडं धुण्यापाशी अडतंय.

कृती अशी: 100 मिली एथिलीन ग्लायकॉलमध्ये 1.19 ग्रॅम निकेल क्लोराइड हेक्झाहायड्रेट आणि 1.1 ग्रॅम पीव्हीपी के-30. त्यात 80 टक्क्यांचं हायड्रझीन हायड्रेट 3 मिली (फ्यूम हूडमध्येच, फार विषारी आहे). हिरवा रंग जांभळट निळा होतो, म्हणजे निकेल-हायड्रझीन कॉम्प्लेक्स तयार. मग 0.8 ग्रॅम सोडियम हायड्रॉक्साइड, 60 अंश, वर नायट्रोजन. ढवळायला वरून काचेची दांडी. चुंबकी ढवळणी वापरली तर कण तिलाच चिकटतात.

काळं द्रावण छान स्थिर राहतं. इथेनॉलने दुसऱ्यांदा धुतलं की मात्र गुठळ्या, अल्ट्रासोनिकनेही न सुटणाऱ्या. पीव्हीपी इथेनॉलमध्ये विरघळतं, त्यामुळे आवरणच निघून जात असावं आणि उघडे कण चुंबकत्वाने एकमेकांना धरत असावेत.

पीव्हीपी अ‍ॅसिटोनमध्ये विरघळत नाही. मग अ‍ॅसिटोन घालून खाली बसवावं, थोड्या इथेनॉलमध्ये पुन्हा पसरवावं, हे बरं का? किती पट अ‍ॅसिटोन? के-90 (जास्त लांब साखळ्यांचं पीव्हीपी) घेतल्याने आवरण घट्ट धरेल का, की फक्त द्रावण दाट होईल?

शिवाय नागपुरात बाहेरच्यांचे नमुने व्हीएसएमवर (नमुन्याचं चुंबकत्व मोजणारं यंत्र) कुठे मोजून मिळतात? व्हीएनआयटी किंवा विद्यापीठातलं कुणी असेल तर कृपया सांगा.