हाकोने एका दिवसात : घाटातली गाडी, आई-बाबा आणि ऑनसेन (मदत हवी आहे)

नमस्कार. आई-बाबा जूनअखेरीस आमच्याकडे तोक्योला येत आहेत. आम्ही निशिकासाईला राहतो. त्यांना एक दिवस तोक्योजवळच्या डोंगरांतल्या हाकोनेला न्यायचंय, सकाळी निघून रात्री घरी परत.

बाबा मध्य रेल्वेत ड्रायव्हर होते. नोकरीची बरीच वर्षं कर्जत-लोणावळा घाटात गेली, बँकर, म्हणजे चढावर गाडीला मागून ढकलणाऱ्या इंजिनावरही. त्यामुळे ही सहल मला मुख्यतः हाकोने-युमोतो ते गोरा या डोंगरी गाडीसाठी करायची आहे. १९१९ साली सुरू झालेली ही लाईन जेमतेम ९ किलोमीटरची, पण चढ हजाराला ८०, म्हणजे १ इन साडेबारा : साडेबारा मीटर पुढे गेलं की एक मीटर वर. आपला बोरघाट १ इन ३७ आहे. दातेरी रूळ नाही, नुसत्या चाकांच्या पकडीवर गाडी चढते. बाबांना फोनवर सांगितलं तर त्यांचा आधी विश्वासच बसेना. मग त्यांनी लगेच विचारलं, "ब्रेक कसले आहेत?"

शिवाय वाटेत तीन ठिकाणी गाडी उलट दिशेने निघते. खंडाळ्याचं जुनं रिव्हर्सिंग स्टेशन १९२९ मध्ये बंद झालं, ते बाबांना फक्त वडीलधाऱ्यांकडून ऐकून माहीत आहे. इथे तोच प्रकार रोज चालू असलेला त्यांना पाहायला मिळेल. म्हणून हा दिवस घाईत जाऊ नये असं मला फार वाटतं.

अडचणी अशा :

१. सगळे जण गोल फेरी सुचवतात : डोंगरी गाडी, केबल कार, रोपवे, तलावातलं जहाज, मग बस. आईला दमा आहे आणि रोपवेच्या वाटेवरच्या ओवाकुदानीला गंधकाचे वायू असतात, दम्याच्या लोकांनी तिथे जाऊ नये अशी सूचनाच आहे. रोपवे सोडून फक्त गाडी आणि ऑनसेन, म्हणजे गरम झऱ्याच्या पाण्याची आंघोळ, केलं तर दिवस अपुरा वाटेल का?

२. बाबांना ड्रायव्हरच्या मागे उभं राहून समोरचा रूळ दिसायला हवा. गाडी तीनदा दिशा बदलते, तर कुठल्या टोकाला उभं राहावं?

३. आई चारचौघींत कपडे काढून आंघोळीला उतरणार नाही, आणि मी तिला आग्रहही करणार नाही. पण गरम पाण्याचं सुख तिला मिळावं असं मनापासून वाटतं, तिचे गुडघे फार दुखतात.

४. आई शुद्ध शाकाहारी आहे. सोबा नूडल्सच्या रश्श्यातही मासा असतो, म्हणून दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी घरूनच नेणार आहे. कुठे बसून खाता येईल?

प्रतिसाद

रोपवे खुशाल सोडा. गोल फेरीत रांगांमध्येच निम्मा दिवस जातो आणि तुमच्या बाबांना जे बघायचंय ते चाळीस मिनिटांत उरकतं. त्यापेक्षा वर जाताना आणि खाली येताना, दोन्ही वेळा नीट बघू द्या.

टोकाचं उत्तर सोपं आहे. युमोतोला सुटताना गाडीचं जे पुढचं टोक, तिथे उभे राहा. देयामाला गाडीने दिशा बदलली की तेच टोक मागे जातं, ओहिरादाईला परत पुढे येतं, कामी-ओहिरादाईला पुन्हा मागे. म्हणजे चढताना पहिला आणि तिसरा टप्पा समोरून दिसतो. उतरताना गोराला पुन्हा सुटणाऱ्या गाडीच्या पुढच्या टोकाला उभे राहा, की राहिलेले दोन टप्पे समोरून मिळतात. जाऊन-येऊन सगळा घाट ड्रायव्हरच्या नजरेने पाहून होतो. प्रत्येक दिशाबदलाला ड्रायव्हर आणि गार्ड आपापली टोकं बदलतात, तेही बाबांना दाखवा.

तोनोसावा स्टेशन सोडल्यावर लगेच हायाकावा नदीवरचा लोखंडी पूल येतो. त्याचा लोखंडी सांगाडा मूळचा तेनऱ्यू नदीवरच्या रेल्वे पुलाचा, १८८८ सालचा. तो इथे आणून बसवला आहे. नदी ४३ मीटर खाली आहे.

आणि ब्रेक : विजेचे, हवेचे आणि हाताचे आहेतच, शिवाय एक घासदगड थेट रुळावर दाबणारा ब्रेक आहे. वळणं ३० मीटर त्रिज्येपर्यंत आवळलेली आहेत, म्हणून रूळ-चाकं झिजू नयेत यासाठी गाडी स्वतः पाणी शिंपडत जाते. तेल वापरलं तर चढावर चाकं घसरतील. बाबा हे तुमच्याआधी ओळखतील.

जूनअखेर म्हणजे अजिसाई, म्हणजे हायड्रेंजियाचा बहर. फुलं खिडकीला घासतील इतकी जवळ असतात. पण गर्दीही तेव्हाच, आणि गाडी दोन-तीन डब्यांचीच. शनिवार-रविवार टाळा. पहिली गाडी भरलेली असेल तर ती सोडून पुढच्या गाडीसाठी रांगेत पुढे उभे राहा.

प्रतिसाद

आईंसाठी : 'काशिकिरी' म्हणजे कुटुंबापुरतं खाजगी कुंड घ्या. युमोतोजवळच्या हाकोने युर्योमध्ये अशा खोल्या आहेत, आधी आरक्षण करा. तुम्ही दोघीच असाल, कुणी पाहणार नाही. कुंडात उतरण्याआधी बाहेर बसून अंग स्वच्छ धुवायचं असतं. दमा आहे तर वाफेत फार वेळ बसू देऊ नका, डॉक्टरांना आधी विचारा. तेही नको वाटलं तर चोकोकुनोमोरी स्टेशनला उतरून शिल्पांच्या खुल्या संग्रहालयात जा. तिथे पाय बुडवून बसायचं गरम कुंड आहे, टॉवेल जवळ ठेवा.

डबा तोक्योहून हाकोनेला येणाऱ्या रोमान्सकार या आरक्षित गाडीत खा, तिथे चालतं. डोंगरी गाडीत नको.

धागाकर्ती

दोघांचेही मनापासून आभार. टोकाचं गणित बाबांना कळवलं, त्यांनी कागदावर चारही टप्पे काढून बरोबर असल्याचं सांगितलं. आईला खाजगी कुंडाची कल्पना पसंत पडली.

आता एकच राहिलं. शिंजुकूहून सुटणाऱ्या जीएसई प्रकारच्या रोमान्सकारला पुढे काचेचा डबा असतो, ड्रायव्हर वरच्या मजल्यावर बसतो. त्या पहिल्या रांगेची तिकिटं महिनाभर आधी सकाळी १० ला उघडतात आणि लगेच संपतात असं वाचलं. ओतेमाचीहून मिळणारी मेट्रो हाकोने ही रोमान्सकार आम्हाला घरापासून सोयीची आहे, पण तिला ती काच नाही. आईला शिंजुकूच्या गर्दीतून नेणं जमेल का, आणि येताना ओदावाराहून शिंकान्सेनने (बुलेट ट्रेनने) तोक्योला यावं का? कुणी ज्येष्ठांना घेऊन असा प्रवास केला असेल तर शिंजुकूला लिफ्टने ओदाक्यू रेल्वेच्या (रोमान्सकार चालवणाऱ्या कंपनीच्या) फलाटावर कसं पोचायचं तेवढं सांगा.