मदत हवी आहे: नेब्युलातल्या (तेजोमेघातल्या) तरुण ताऱ्यांची एच-अल्फा रेषा (हायड्रोजनची लाल रेषा) कशी मोजू?

मंडळी, मृग नक्षत्रातल्या तेजोमेघाच्या क्लस्टरमधल्या ताऱ्यांचे स्पेक्ट्रम (वर्णपट) बघतोय. लिथियमची 6708 अँगस्ट्रॉमची रेषा छान दिसतेय, म्हणजे तारे तरुण आहेत हे दिसतंय, पण घोडं अडलंय एच-अल्फापाशी. तारा भोवतालच्या डिस्कमधला (तबकडीतला) गॅस ओढत असेल तर ती रुंद येते, शिखराच्या 10 टक्के उंचीवर मोजलेली रुंदी साधारण 270 किमी प्रतिसेकंदच्या वर, पण नेब्युलाही नेमका तिथेच चमकतो आणि मधोमध बारीक उंच सुळका येऊन बसतो, मग उंची तरी कुठली धरायची? शेजारचं आकाश वजा केलं तर कुठे सुळका उरतोच, कुठे चक्क खड्डा पडतो (नेब्युला सगळीकडे सारखा नाही ना!). सुळका मास्क करून (झाकून) नुसत्या पंखांना (रेषेच्या दोन्ही बाजूंच्या उतारांना) फिट केलं तर चालेल का, की सरळ कॅल्शियमच्या 8542 अँगस्ट्रॉमच्या रेषेवर जाऊ? कोणी केलंय का असं?