विसरभोळं नेटवर्क

‘न्यूरल नेटवर्क म्हणजे बंद पेटी, त्यातून मेंदूबद्दल काय कळणार?’ असं काही जण म्हणतात; मला ते अर्धंच पटतं. मेंदूतल्या पेशींच्या जाळ्यावरून बेतलेली, उदाहरणांवरून शिकणारी ही संगणकी मॉडेलं जिथे सपशेल आपटतात, तिथेच कधी कधी जास्त कळतं. १९८९ मध्ये मॅक्लॉस्की आणि कोहेन या संशोधकांनी एका नेटवर्कला आधी एक मिळवायच्या बेरजा शिकवल्या, मग दोन मिळवायच्या. दुसऱ्या यायला लागल्या आणि पहिल्या पार पुसल्या गेल्या! (पाढे विसरणारी पोरंही इतकी कोरी होत नाहीत.)

मग मेंदूचं असं का होत नाही? १९९५ मध्ये मॅक्लेलंड, मॅकनॉटन आणि ओरायली यांनी नेमका हाच धागा पकडला. हिप्पोकॅम्पस (मेंदूच्या आतला, आठवणी घडवणारा भाग) नवं झटकन टिपतो आणि झोपेत वगैरे त्याची उजळणी करून कॉर्टेक्सला (मेंदूच्या बाहेरच्या थराला) ते हळूहळू, जुन्यात मिसळत शिकवतो, असं त्यांचं म्हणणं. हिप्पोकॅम्पसला इजा झालेल्यांना जुनं आठवतं पण नवं टिकत नाही, त्याचाही अर्थ यातून लागतो.