मदत हवी आहे: रिम ब्रेकच्या सायकलला कार्बन रिम घ्यावी की अ‍ॅल्युमिनियम?

नमस्कार मंडळी,

माझ्या रोड बाइकच्या मागच्या चाकाची रिम बदलायला झाली आहे. ब्रेकचं पॅड घासतं त्या पट्टीवर बोट फिरवलं की मधोमध खळगा लागतो, आणि झीज दाखवणारी बारीक खाच दोन-तीन ठिकाणी पार पुसली गेली आहे. पुढचीही त्याच वाटेवर आहे, म्हणून दोन्ही चाकं नव्याने बांधून घेणार आहे. हब (चाकाचा मधला भाग, ज्यात आरे अडकतात) उत्तम आहेत, 32 भोकांचे.

सायकल पुण्यात चालते. सुट्टीला सिंहगड, वाईहून पसरणी घाट, पावसाळ्यात ताम्हिणी. 2027 ची पॅरिस-ब्रेस्ट-पॅरिस, म्हणजे फ्रान्समधली 1200 किमीची सायकल राइड मनात आहे, त्यासाठी त्या वर्षी 200, 300, 400 आणि 600 किमीच्या बीआरएम (ठरलेल्या वेळेत पूर्ण करायच्या लांब पल्ल्याच्या राइड) करायच्या आहेत. माझं वजन 82 किलो, वर पाणी आणि पिशवी.

ग्रुपमधले मित्र 50 मिमी खोलीची कार्बन रिमच घे म्हणतात. सायकल डिस्क ब्रेकची असती तर मीही फार विचार केला नसता. पण इथे ब्रेक थेट रिमवर दाबला जातो. लांब उतारावर ब्रेक धरून ठेवला की ती उष्णता कार्बनमधून लवकर बाहेर पडत नाही. कार्बनचे धागे धरून ठेवणारं रेझिन मऊ पडलं तर टायरमधली हवा रिमची कड बाहेर ढकलते. लॅटेक्स ट्यूब तर अशा रिमवर नकोच म्हणतात. अ‍ॅल्युमिनियम तापतं तसं निवतंही पटकन. पावसात ताम्हिणी उतरताना पॅडमधून राखाडी पाणी गळतं, रिम झिजते, पण सायकल थांबते. ओल्या कार्बनवर ब्रेक उशिरा लागतो असं ऐकलंय आणि मला खरी भीती त्याचीच आहे. पॅरिस-ब्रेस्ट-पॅरिसच्या वाटेवरच्या ब्रिटनीतही पाऊस केव्हा गाठेल सांगता येत नाही.

वजनाचा हिशेब करून पाहिला. दोन्ही चाकं मिळून 200 ग्रॅम वाचले तरी सायकलसकट माझं वजन 95 किलोच्या आसपास. पसरणीच्या तासाभराच्या चढात फरक पडणार सात-आठ सेकंदांचा. हवेचा फायदा खरा असतो, पण तो वेगासोबत झपाट्याने वाढतो आणि 1200 किमीला 90 तास असताना मी ताशी 23-24 च्या वर फारसा जाणार नाही. खोल रिमला आडवा वारा लागतो तो वेगळाच. शिवाय कार्बन रिम बऱ्याचदा 20-24 भोकांच्या दिसतात, म्हणजे चांगले हबही काढून ठेवायचे.

म्हणून माझा कल अ‍ॅल्युमिनियमकडे आहे. तरी ज्यांनी रिम ब्रेकसोबत कार्बन वापरून किमान दोन पावसाळे घाटात काढलेत, त्यांचं मत मला हवंय. ओल्यात ब्रेक नक्की कसा लागतो? पॅड कोणते वापरता आणि किती टिकतात? खड्ड्यात आपटून रिमला तडा गेला का? अ‍ॅल्युमिनियमला पोचा पडला तर निदान आउट (चाकाचा वाकडेपणा) काढून घरी तरी येता येतं.

आणखी एक. पुण्यात हाताने चाक बांधणारा, टेन्शन मीटर लावून आरे सारखे ताणून देणारा कारागीर कोणाला माहीत आहे का? नव्या रिमला आऱ्यांची लांबी बदलेल, तेव्हा आरे मागवण्याआधी त्यांच्याशी बोलायचं आहे. पत्ता व्यनि (व्यक्तिगत निरोप) केलात तरी चालेल.