प्रो कबड्डीच्या प्रक्षेपणात 'दम' ऐकू का येत नाही?

गिरणगावकर
२६ जुलै २०१४ ला वरळीच्या डोममध्ये यू मुंबा आणि जयपूर पिंक पँथर्स यांच्यात प्रो कबड्डीचा पहिला सामना झाला, तेव्हा मी प्रेक्षकांत होतो. प्रेक्षक अंधारात, मॅट लख्ख उजेडात आणि एकेक खेळाडू गाण्याच्या ठेक्यावर आत येतोय. आपल्या खेळाला असा थाट मिळालेला पाहून डोळे भरून आले होते. ते आजही नाकारत नाही.

पण घरी टीव्हीवर बघायला लागल्यापासून एक गोष्ट टोचते. चढाई करणाऱ्याचा दम, म्हणजे एका श्वासात 'कबड्डी कबड्डी' म्हणत राहणं, ऐकूच येत नाही. सगळा खेळ त्या एका शब्दावर उभा आहे. आमच्या मंडळाच्या सामन्यात दोरीच्या बाहेर मांडी घालून बसलं की 'कबड्डी कबड्डी' कानात घुमायची. गडी समोरच्यांच्या अंगणातल्या 'निदानरेषे'पाशी पोचला की आवाज खाली यायचा, पकड बसली की चिरका व्हायचा. डोळे मिटूनही कळायचं की हा सुटतोय की अडकतोय. टीव्हीवर त्या जागी ढोल, गाणं आणि समालोचकाची आरडाओरड. निर्मात्यांनी खेळाचा आत्माच झाकून टाकलाय, असं माझं स्पष्ट मत आहे.

रात्रीचा_प्रेक्षक
काका, आदर ठेवून सांगतो, अजिबात पटलं नाही. दोरीजवळ बसून बघणारे पाचशे लोक आणि घरात जेवता जेवता बघणारं कुटुंब यांना एकच गोष्ट दाखवून चालत नाही. माझ्या आईला लोण म्हणजे काय हे पन्नाशीत कळलं, ते पडद्यावरच्या खेळाडूंच्या चिन्हांमुळे. गडी बाद होईल तसं एकेक विझत जातं, सातही विझली की समोरच्यांना दोन गुण जास्तीचे. समजावून सांगावं लागलं नाही.

आणि चढाईचं ३० सेकंदांचं घड्याळ! दोन चढाया रिकाम्या गेल्या की तिसरीला गुण आणायचा, नाहीतर बाद. या 'करो या मरो' चढाईला दिवे बदलतात, संगीत चढतं. त्याला तुम्ही झगमगाट म्हणाल. मी म्हणेन, तणाव नेमका कुठे आहे ते नवख्याला दाखवून दिलं.

पंच_निवृत्त
मी वीस वर्षं जिल्हा पातळीवर पंचगिरी केली. पंचाचा अर्धा निर्णय कानाने होतो. मध्यरेषा ओलांडण्याआधी दम सुरू झाला का, मध्ये तुटला का, हे ऐकावंच लागतं. घड्याळ आल्यावर प्रेक्षकाला श्वास मोजायची गरजच उरली नाही, तो आकडा बघतो. गिरणगावकरांचं दुखणं खरं आहे, पण दोष एकट्या संगीताचा नाही. नियमच नजरेला सोपा केला, मग कान कोण देणार?

डाव्या_कोपऱ्यातून
पंचसाहेब, डोळ्यांनी काय मिळालं तेही बघा ना. मी कोपऱ्यात खेळायचो. घोट्याची पकड करताना आधी नजर कुठे असते, वजन कुठल्या पायावर असतं, हे मातीत बाहेरच्या माणसाला कधीच दिसलं नाही. दिसायची फक्त धूळ आणि ढीग. आता संथ गतीत पुन्हा दाखवतात. जादा गुण देणाऱ्या बोनस रेषेपलीकडे चवडा टेकला आणि त्या क्षणी मागचा पाय हवेत होता, हे बोटभर अंतरावरून दिसतं. यावरून मंडळांच्या सामन्यांत हाणामाऱ्या व्हायच्या! २०२१-२२ चा आठवा हंगाम बंगळुरूला, एकाच ठिकाणी, प्रेक्षकांविना झाला. तरी मी रोज बघितला, तो या कॅमेऱ्यांसाठी.

सातवी_खेळाडू
तुम्ही सगळे आवाज आणि दिव्यांवर भांडताय. मला त्याच रंगमंचावर कोण उभं राहतं ते विचारायचंय. २०१६ मध्ये चौथ्या हंगामाबरोबर महिलांची स्पर्धा घेतली होती. तीनच संघ. अंतिम सामना स्टॉर्म क्वीन्सने फायर बर्ड्सविरुद्ध २४-२३ असा जिंकला, एका गुणाने! याहून चांगला टीव्ही कुठला? आणि पुढच्या हंगामापासून ती स्पर्धाच नाही. मी तेव्हा महाविद्यालयाच्या संघात होते, वसतिगृहाच्या खोलीत अकराजणी दाटीवाटीने बसून बघत होतो. दिवे, संगीत, धूर, सगळं हवंय मला. फक्त ते आमच्यावरही पडू द्या.

गिरणगावकर
ताई, तुमचं म्हणणं मनाला लागलं. हे मी आधीच लिहायला हवं होतं.

कोपरेवाल्या दादांचंही मान्य, पाय मातीत दिसत नव्हता. रात्रीच्या प्रेक्षकाशी मात्र माझं भांडण चालू राहील. तणाव दाखवायला संगीत लागतं हे मला कबूल नाही. 'करो या मरो' चढाईतच एकदा उलटं करून बघा. गाणं बंद, समालोचक गप्प, मॅटजवळचा माइक पूर्ण वर. ३० सेकंद फक्त दम, बुटांचा मॅटवरचा करकर आवाज आणि सात जणांची आपसातली कुजबूज.

रात्रीचा_प्रेक्षक
प्रत्येक चढाईला नको, लोक चॅनेल बदलतील. पण शेवटच्या दोन मिनिटांत, गुण बरोबरीत असताना? तेवढं मी आईला आवाज मोठा करून ऐकवेन.

पंच_निवृत्त
आणि त्या वेळी दम तुटला, तर सगळ्या घराला एकदम कळेल.