विचार वाचता येत नाहीत, तरी कायदा हवाच

'यंत्राला मनातलं वाचता येत नाही, मग मेंदूच्या डेटासाठी वेगळा कायदा कशाला?' हा प्रश्न रास्त आहे. पण नुकसान व्हायला विचार वाचावे लागतच नाहीत. ध्यानासाठी कपाळावर बांधायचा, मेंदूच्या लहरी मोजणारा पट्टा मी महिनाभर वापरला. मन भरकटलं की फोनवरचा पावसाचा आवाज वाढायचा. म्हणजे माझं लक्ष कधी उडतं, याची नोंद क्षणाक्षणाला होत होती. तोच ईईजी (मेंदूच्या लहरींचा आलेख) दवाखान्यात काढला असता तर मी रुग्ण ठरले असते आणि त्या नोंदीला वैद्यकीय गोपनीयतेचं संरक्षण मिळालं असतं. इथे मी नुसती ग्राहक!

अमेरिकेतल्या कोलोरॅडो राज्याने एप्रिल २०२४ मध्ये नेमकी हीच फट बुजवायला घेतली. जैविक आणि मज्जासंस्थेचा डेटा तिथे 'संवेदनशील' ठरला, म्हणजे आधी स्पष्ट संमती हवी. पण मेख अशी, की तो व्यक्तीची ओळख पटवण्यासाठी वापरला जाणार असेल तरच. माझ्या पट्ट्याला माझी ओळख नको, माझी अवस्था हवी असते! त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये झालेल्या कॅलिफोर्नियाच्या दुरुस्तीत मेंदूच्या डेटासाठी ही अट नाही, म्हणून ती मला जास्त पटते.

चिलीने तर २०२१ मध्ये मेंदूतल्या माहितीच्या संरक्षणासाठी राज्यघटनाच बदलली. २०२३ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने मेंदूच्या लहरी मोजणारी उपकरणं बनवणाऱ्या इमोटिव्ह कंपनीला माजी सिनेटर गिदो गिरार्दी यांचा मेंदूचा डेटा पुसायला लावला.

आपला २०२३ चा डेटा संरक्षण कायदा मात्र मेंदूच्या लहरी आणि मोबाइल नंबर एकाच पंगतीला बसवतो. संवेदनशील डेटाचा वेगळा वर्गच त्यात नाही.